तारनाक्याची दारफळणी

काचीगुडा

लोक हैदराबादहून येताना मोती आणतात, बिस्किटं आणतात. मी जाताना कोंबडी नेली. घट्ट गोठवलेली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर बसवलेली, आणि वरून चिकटपट्टीचे इतके वेढे की खोका पार्सल ऑफिसातून पळवून आणल्यासारखा दिसत होता. ज्या शहरात माणूस पावलोपावली बिर्याणीला अडखळतो तिथे ठाण्याहून कोंबडी कशाला, असं कुणीही विचारेल. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या रीतीने कापलेलं मांसच आम्हाला चालतं. तसं कापणारा माणूस ठाण्यात आहे, हैदराबादेत नाही. माझा थोरला भाऊ हनोख, म्हणजे आमचा दादा, नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि तिथलाच झाला. वर्षभर तो भाजीभाकरीवर समाधानी असतो, पण दारफळणीच्या, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाच्या, आधीच्या जेवणाला त्याला घरची कोंबडी लागते.

मनमाडला गाडी बदलली तोवर सगळं ठीक होतं. मग बर्फ वितळायला लागला. खालच्या बर्थवर एक नांदेडचे गृहस्थ होते, नवरात्राचे कडक उपास करणारे. पहाटे ते उठून बसले आणि चादर चाचपू लागले.

"ताई, हे पाणी कसलं गळतंय?"

"बर्फाचं आहे."

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "बर्फाला असा वास येतो?"

मी मास्तरीण होते. पस्तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या, पण मला स्वतःला धड थाप मारता येत नाही. खरं ते सांगून टाकलं. गृहस्थ भले होते. त्यांनी "हरे राम" म्हटलं, चादर गोळा केली आणि पुढचा प्रवास दारापाशी उभं राहून केला. जाता जाता त्यांनी मला हातही जोडले. ते हात जोडणं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

गाडी काचीगुड्यात शिरली तेव्हा उजाडत होतं. या स्टेशनचे जुने घुमट धुक्यातून हळूहळू वर येतात, आधी एक, मग दुसरा, आणि क्षणभर वाटतं की आपण अजून उतरलेलो नाही, झोपेतच आहोत. फलाटावर दादा उभा होता. पांढरा सदरा, काठी, डोक्यावर टोपी. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. दादा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होता. कुठल्या गाडीला बाजूला काढायचं, कुठलीला पुढे सोडायचं, हे त्याने जन्मभर ठरवलं. त्याच्या लेखी मी उशिरा आलेली गाडी होते.

"वीस मिनिटं लेट," तो म्हणाला आणि मग माझ्या हातातला खोका घेतला. खोक्याचं पाणी त्याच्या सदऱ्यावर ओघळलं. त्याने ते रुमालाने टिपलं एवढंच. पूर्वी बोलला असता.

आता मी का गेले ते सांगते, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमची आई दादाकडे असतानाच गेली. शुक्रवारी पहाटे. मला फोन आला, दुपारचं विमान मिळालं, ते उशिरा सुटलं. आमच्यात माती त्याच दिवशी द्यायची असते, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कुणाला पुरता येत नाही. म्हणजे आईला रविवारपर्यंत बर्फात ठेवावं लागलं असतं. दूरच्या लेकीसाठी थांबायची मुभा आहे, तसं थांबलेले लोक मी ठाण्यात पाहिले आहेत. दादा थांबला नाही. एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत भिंतीलगत जागा मिळाली होती, तिथे त्याने मावळतीच्या आत सगळं उरकलं. मी अंधार पडल्यावर पोचले. तो दारातच भेटला आणि म्हणाला, "आटोपलं."

एवढाच शब्द. शनिवारी शब्बाथ म्हणून कबरीवर जाता येईना. रविवारी सकाळी मी उठून ठाण्याला निघून आले आणि सात दिवसांचं सुतक एकटीने धरलं. आईची जागा मी पाहिलीच नाही.

आमच्या वर्षाचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे योम किपूर. आमच्या आज्या त्याला दारफळणीचा सण म्हणत. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवायचं, दिवे लावायचे, पांढरे कपडे घालायचे आणि दार लावून घ्यायचं. मग दुसऱ्या रात्री तीन चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, दार उघडणं नाही. आत बसून वर्षभराचं आपलं वागणं आठवायचं. देवाचं काही बिघडवलं असेल तर देव त्या दिवशी माफ करतो. माणसाचं बिघडवलं असेल तर तो त्यात पडत नाही. त्या माणसाकडे आपण स्वतः जायचं, दार लागायच्या आत. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा जायचं. तीनदा मागून झालं की मागणारा सुटला. मग ते ओझं नाही म्हणणाऱ्याच्या खांद्यावर.

दादाने पहिल्या वर्षी फोनवर मागितली. मी फोन ठेवला. दुसऱ्या वर्षी तो ठाण्याला आला, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत मागितली. मी म्हटलं, "बघू." यंदा त्याचे गुडघे गेले म्हणून तो येणार नव्हता. त्याची मुलगी नओमी मला म्हणाली, "आत्या, तूच ये ना." मी गेले. माफ करायला गेले असं कुणी समजू नये. नाही म्हणायचं असेल तर ते तोंडावर म्हणावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तारनाका

दादाची इमारत रेल्वेतल्या दोस्तांनी मिळून बांधलेली, दुमजली, जांभळाच्या झाडाखाली. आता दोस्त थोडे उरलेत, जांभूळ मात्र जोरात आहे. तिथली पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती दारं. ठाण्यात आम्ही दार लावतो, आतून कडी घालतो, वर साखळी लावतो आणि मग भोकातून बाहेर बघतो. इथे दिवसभर सगळी दारं सताड उघडी. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण रुसलंय, सगळं जिन्यात कळतं. अशा इमारतीत वर्षातून एक दिवस दार लावून बसणारा माणूस म्हणजे केवढं नवल असेल!

"पहिल्या वर्षी आम्ही घाबरलोच की," समोरच्या वसुधाताई सांगत होत्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादचं. आजोबा जुन्या सरकारात, वडील वकील, त्या स्वतः शिक्षिका. मराठी आपलीच, पण तिला इथलं पाणी लागलेलं. "मी म्हटलं, हनोखभाऊंना काय झालं? दरवाजा ठोकून ठोकून परेशान. आत माणूस आहे, आवाज येऊ राहिला, पण उघडत नाहीत. चावीवाल्याला बोलवायलाच निघालो होतो."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी हेच आले, हातात चिकाचा हलवा घेऊन. दाराच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो म्हणे तुमचा. तवापासून सगळ्या बिल्डिंगला मालूम. त्या दिवशी पोरांना जिन्यात खेळायला नक्को म्हणते मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा तर आमचा दसरा आणि तुमचं दार एकाच दिवशी पडलं. सोनं द्यायला यायचं कसं हो?"



दुपारी दादाने बिर्याणी केली, अर्थात भाज्यांची. एरवी कुणी ठाण्याहून मटण आणलं आणि मटणाची केली तर तो दह्याऐवजी नारळाचं दूध घालतो, कारण मांस आणि दूध आम्ही एकत्र करत नाही. वसुधाताईंचे यजमान त्या बिर्याणीला गेली कित्येक वर्षं नावं ठेवत आलेत आणि दर वेळी दोनदा घेत आलेत. दादाने मला वाढलं, लिंबू कापून दिलं, ताटाशेजारी पाणी ठेवलं. मी जेवले. चांगली झाली होती, पण मी तसं म्हटलं नाही. आईची खुर्ची खिडकीशी होती तिथेच होती. तिच्यावर कुणी बसत नाही हे गादीवरून कळत होतं.

"मिल्का," तो म्हणाला, "आईकडे जायचं का उद्या? मी येतो बरोबर."

"बघू," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडात आता बसूनच गेला आहे.

त्याने मान हलवली आणि ताटं उचलली. दुपार फार लांब होती. पंख्याचा आवाज, दूर विद्यापीठाकडून येणारी मोरांची ओरड, आणि आतल्या खोलीत दादा हळू आवाजात हिब्रू म्हणत होता. सणाआधीचे हे दहा-बारा दिवस तो रोज असा बसतो. दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. इथे तो एकटाच, म्हणून तेवढ्या गाळतो. पण पापांची कबुली एकट्यालाही म्हणता येते, आणि तिच्यात 'मी' नसतो, सगळीकडे 'आम्ही' असतो. आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. रिकाम्या घरात एक म्हातारा 'आम्ही, आम्ही' म्हणतोय, आणि मी बाहेर कोचावर डोळे मिटून पडले आहे. मला उगीचच वाटलं की तो मलाही त्यात धरतोय. मला राग आला, आणि मग झोप लागली.

कुकटपल्ली

दुसऱ्या दिवशी नओमी मला आपल्या घरी घेऊन गेली. तिचा नवरा पुण्याचा, दोघंही कॉम्प्युटरवाले, घर विसाव्या मजल्यावर. तिथून खाली बघितलं की माणसं दिसत नाहीत, फक्त रस्ते हलताना दिसतात. दार बोटाच्या ठशाने उघडतं. मी विचारलं, "मग दारफळणीला काय करतेस?"

"बॅटरी काढते," ती म्हणाली आणि हसली. "आत्या, जोक नाही, खरंच. आणि मॅनेजरला सांगून ठेवलंय की ट्वेंटी फाइव्ह अवर्स मी अव्हेलेबल नाही. काही क्रॅश झालं तर होऊ दे."

त्या बाबतीत पोरगी पक्की आहे. पण सकाळीच तिने फोनवरून एक संदेश साऱ्या ओळखीच्यांना धाडला होता, कळत नकळत दुखावलं असल्यास माफ करावे, खाली हात जोडलेले. मलाही आला. मी समोरच बसले होते!

"हे काय?" मी म्हटलं. "मला कधी दुखावलंस तू?"

"माहीत नाही ग. म्हणून तर सगळ्यांना पाठवला. फास्ट होतं."

"तुझ्या बाबांना दाखव, म्हणजे कळेल."

"दाखवला. ते म्हणाले, पाचशे लोकांची माफी मागितली म्हणजे एकाचीही नाही मागितली." तिने फोन उलटा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, तू आत्ता नाही म्हणालीस ना, तर बाबा सुटले. रूल आहे. पण ते सुटणार नाहीत. यू नो हिम."

"आणि मी?"

"तू पण नाही."

यावर मी तिला स्वयंपाकघरात काही काम आहे का विचारलं. काम नव्हतं.

संध्याकाळी खाली बतुकम्मा होती. नऊ दिवस चालणारा हा बायकांचा सण त्या दिवशी संपतो. परातीत फुलांचे थर रचून मनोरे करतात. पांढरी तुऱ्यासारखी गुनुगू, पिवळी तंगेडू, झेंडू, शेंड्याला भोपळ्याचं फूल. मग ते मनोरे मध्ये ठेवून बायका भोवती फेर धरतात, वाकून टाळी, सरळ होऊन टाळी. आपल्याकडच्या भोंडल्यात हत्ती मध्ये असतो, इथे फुलंच. मला एकीने हाताला धरून ओढलं. "रंडी, अम्मा, रंडी," म्हणजे 'या'. नओमीने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. मला एक शब्द कळत नव्हता, पाय मात्र फिरत होते. वीस मजल्यांच्या त्या उंच भिंतींमध्ये आकाशाचा एक चौकोन होता, त्यात अर्धा चंद्र, आणि खाली सगळीकडे फुलांचा दमट वास. गाण्याचं ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत होतं. किती वेळ फिरले ठाऊक नाही. मध्येच वाटलं, आई माझ्या पुढची आहे, तिचीच ती जाड वेणी. पुढचीने मागे वळून पाहिलं तर कुणी दुसरीच होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

शेवटी मनोरे पाण्यात सोडतात. इथे तळं नव्हतं, सोसायटीने मोठा हौद केला होता. फुलं पाण्यावर पसरली आणि थोड्याच वेळात कुठला मनोरा कुणाचा ते ओळखू येईना. मी त्या हौदाशी उशिरापर्यंत बसून होते. आईला निरोप देताना आपण असंच काठावर असायला हवं होतं, हे मला तिथे फार लागलं.

भिंतीलगत

तिसरा दिवस दारफळणीच्या आदला. दुपारी जेवून मी तारनाक्याला निघायचं, दादाबरोबर मावळतीच्या आत जेवायचं, दिवे मी लावायचे, असं ठरलं होतं. नओमीने ऑटोत बसवून दिलं. वळणावर ती दिसेनाशी झाल्यावर मी ड्रायव्हरला दुसराच पत्ता सांगितला. मला आईकडे एकटीला जायचं होतं.

"उधर क्या काम है अम्मा? वो तो शहर के उस छोर पे है."

"मेरी माँ है उधर."

त्याने आरशातून माझे पांढरे केस पाहिले आणि ऑटो वळवला.

दफनभूमीच्या फाटकाशी मी फोन बंद केला. आत गुलमोहर, खूप गवत, वाकडे झालेले दगडी क्रूस. भिंतीलगत एकच दगड क्रूसाशिवायचा. वर हिब्रू, खाली मराठी. आईचं नाव मराठीत बघून मला रडू आलं. मराठी अक्षर त्या साऱ्या इंग्रजी दगडांत एकटंच होतं. दगडावर लहान लहान खडे ठेवलेले. आमच्यात भेटीला गेलेला माणूस खडा ठेवतो. तिथे इतके होते की काही खाली घसरून गवतात पडले होते.

मी काय केलं ते सांगायला संकोच वाटतो. माती देताना घरचा प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. माझी राहिली होती. मी गुडघे टेकून बाजूची माती हाताने उकरली आणि त्या बांधलेल्या, पक्क्या, पुसून स्वच्छ ठेवलेल्या दगडावर टाकली. तीन मुठी. वाऱ्याने अर्धी माझ्याच तोंडावर आली. दगड घाण झाला एवढंच. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट राग आला, इतका की मी मोठ्याने म्हटलं, "थांबला असता तर काय झालं असतं?" 

मग मी भिंतीला टेकून बसले. आदल्या रात्रीचं जागरण, ऊन कललेलं, गवतातून किड्यांची बारीक किरकिर. माझा डोळा लागला. स्वप्नात आई तांदूळ निवडत होती, सुपात मान घालून. मी शेजारी बसले होते, तिच्या पदराला हळदीचा वास येत होता. ती खडे काढून माझ्या हातात ठेवत होती आणि वर बघत नव्हती. मला घाई नव्हती, तिलाही नव्हती.

जागी झाले तेव्हा गुलमोहराच्या शेंड्यालाच तेवढं ऊन उरलं होतं.

ऑटोवाला थांबला होता, भला माणूस. पण त्या दिवशी खंडेनवमी. प्रत्येक लॉरीला झेंडूच्या माळा, चौकाचौकात कोहळे फोडलेले, देवीची मिरवणूक, ढोल.

"क्या करना अम्मा, पूरा रोडइच बंद है. हौले हौले जाना पडता."

हौले हौले सूर्य खाली जात होता. मी फोन चालू करायचंही विसरले होते. तारनाक्याचा चौक दिसू लागला तसं आकाश तांबडं झालं. एकदा सूर्य गेला की मला वाहनात बसता येणार नाही, पैसे हातात धरता येणार नाहीत. मी उजेड असतानाच त्याला भाडं दिलं आणि उतरले. "घर तक छोडतूं ना, अम्मा!" तो ओरडत राहिला.

चालताना पायाखाली फुलं होती, आदल्या रात्रीच्या बतुकम्मांची, तुडवलेली. दिवे लागत होते. दुकानांच्या पाट्या, हार घातलेल्या स्कूटर्स, उदबत्तीचा धूर, सगळं धूसर आणि लांबचं वाटत होतं. मला मात्र एकच दिसत होतं, दादाचं बंद दार. त्याने लावलंच असणार. ज्याने सख्ख्या आईच्या वेळी माती थांबवली नाही, तो माझ्यासाठी दार थोडंच थांबवणार आहे! वसुधाताईंकडे झोपू, असा बेत मी करत होते. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी मला बरंही वाटत होतं. दार बंद दिसलं की माझा 'नाही' पक्का. मग मला कुणी काही म्हणू शकणार नाही.

जिना चढले. सूर्य केव्हाच बुडाला होता.

दार उघडं होतं.

दारातच खुर्ची टाकून दादा बसला होता. पांढरे कपडे, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक मिटलेलं. त्याच्या मागे खोलीत अंधार होता. दिवे लावलेले नव्हते. टेबलावर दोन पालथी ताटं आणि मध्ये झाकलेलं पातेलं, ठाण्याहून आलेल्या त्या कोंबडीचं. आता ते कुणाला खाता येणार नव्हतं, उद्या रात्रीपर्यंत.

"जेवला नाहीस?"

"आत्ता येशील, आत्ता येशील म्हणून थांबलो."

"दिवे?"

"ते तू लावायचे होतेस ना." त्याचा आवाज कोरडा पडला होता. जन्मात पहिल्यांदा त्याची दारफळणी बिनदिव्याची होती, आणि रिकाम्या पोटी.

"दादा, वेळ टळून गेली रे. दार उघडं कसं ठेवलंस?"

"तू यायची होतीस," तो म्हणाला. जणू दुसरं काही कारण असायची गरजच नव्हती.

मी भिंतीला हात टेकला. तेव्हा त्याला माझी बोटं दिसली. नखांत, तळव्याच्या रेघांत, सगळीकडे माती. त्याने बराच वेळ ती पाहिली.

"आईकडे गेली होतीस."

"हो."

तो काठी टेकून उठू लागला. मला माहीत होतं तो काय बोलणार ते. वर्षभर पाठ केलं असेल. त्याने "मिल्का, मी..." एवढं म्हटलं आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर रात्र होती. मागायची वेळ गेली होती. माझी वाट पाहण्यात त्याचं तिसरं मागणं हुकलं होतं. दादाचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"माफ केलं, दादा," मी म्हटलं.

"मी मागितली कुठे अजून?"

"नको मागूस. सरक आता, आत येऊ दे."

मी खुर्ची आत ओढली आणि दार मी लावलं.

आत आणि बाहेर

कडी घातल्यावर तो म्हणाला, "हात धू. सणाला अंग धुवायचं नाही, पण माती आहे, चालतं."

"असू दे," मी म्हटलं. मला ती माती घालवायची नव्हती.

दुसरा दिवस कसा गेला हे दिवसासारखं सांगता येणार नाही. तहानेने जीभ जड होते, मग हलकी होते, मग विचारसुद्धा पांढऱ्या कपड्यातले वाटायला लागतात. दादा म्हणत होता, मी ऐकत होते, मध्येच मी म्हणत होते. 'आम्ही' आला की या वेळी माझाही ओठ हलत होता. बाहेर दसरा होता. जिन्यात पावलं, बांगड्या, "शुभाकांक्षलु" म्हणून शुभेच्छा, दूर ढोल. आपल्याकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, इथे शमीची. जम्मी म्हणतात, आणि 'बंगारम' म्हणून हातात ठेवतात. पावलं आमच्या दारापर्यंत येत, थांबत, आणि आवाज न करता परत जात. वसुधाताई कुणालातरी दटावत होत्या, "हौ बाबा, ठेव आणि चल. आवाज नक्को." दुपारी आईच्या खुर्चीवर ऊन आलं आणि गेलं. आमच्या आज्या म्हणत, या दिवशी घरातले गेलेले येऊन बसतात. आम्ही दोघंही त्या खुर्चीकडे बघत होतो. 

खिडकीतून तिसरी चांदणी दिसली. दादा म्हणाला, "उघड तू."

मी दार उघडलं. उंबऱ्यावर शमीची पानं. कुणी ढीग केला होता, कुणी ओळीने मांडली होती, एकाने खडूने छोटा बाण काढला होता की इथे ठेवा. अख्ख्या इमारतीचं सोनं आमच्या दाराशी बाहेर थांबून होतं. मी एक पान उचललं, दादाच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. आमच्यात अशी रीत नाही. पण त्या जिन्यात ती करावीशी वाटली.

मग मी आत वळले, पातेलं तापवायला.

"थांब," दादा म्हणाला.

तो गुडघे सांभाळत स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन परत आला. "बाहेर ये," म्हणाला. "उंबऱ्याच्या बाहेर."

तेव्हा मला कळलं. माती देऊन परतलेला माणूस घरात शिरायच्या आधी दाराबाहेर हात धुतो. तीन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी सगळे इथेच हात धुऊन आत गेले होते. माझे तेवढे राहिले होते.

मी हात पुढे केले. दादा पाणी घालू लागला, आणि माती सुटेपर्यंत घालत राहिला.